वाफसा येईपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या काळ्या रानात मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी कुणी पेरायला निघत नाही. शेतकरी बांधावर येतो, वाकून मूठभर माती उचलतो, दाबून तिचा गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडून देतो. गोळा पडून फुटला तर वाफसा आला. थप्पकन तसाच बसला किंवा माती बोटांनाच चिकटून राहिली, तर घरी जायचं आणि उद्या परत यायचं. बियाणं कितीही भारी असो, चिखलात टाकलेलं बी कुजतं आणि वाफसा उडून गेल्यावर टाकलेलं उगवत नाही. मातीत ओल हवी आणि हवाही खेळती हवी. दोन्ही एकत्र असण्याचे दिवस मोजकेच मिळतात.

मनाच्या उपचारांच्या वेगवेगळ्या पद्धती एकाच माणसासाठी हाताशी धरणं, याला एकात्मिक समुपदेशन म्हणतात. त्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला आधी ही मूठ आठवली. कोणती पद्धत कुणी काढली, तिच्यात पायऱ्या किती, याबद्दल पुस्तकं भरभरून लिहितात. समोर बसलेल्या माणसाच्या मनाला वाफसा आलाय का, हे कसं ओळखायचं, तो भाग मात्र दोन-चार ओळींत उरकतात. माझ्या मते खरी विद्या त्या दोन-चार ओळींतच आहे.

आमच्याकडं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही. डोकं गच्च झालंय, जीव थाऱ्यावर नाही, छातीत धडधडतंय, करमत नाही, झोपच लागंना, हातापायाला मुंग्या येतात असं सांगतात, आणि वर 'एक सलाईन लावून टाका' म्हणतात. सलाईनवर हसायचं कारण नाही. तासभर कुणीतरी आडवं होऊ देतं, हात धरतं, अधूनमधून येऊन बघून जातं. एवढं घरात वर्षभरात मिळत नाही. झिंबाब्वेतल्या शोना भाषेत अशा अवस्थेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. 'लई इचार करती पोरगी', असं म्हणणारी आपली म्हातारी नेमकं तेच सांगत असते. दुखणं जिथं ज्या शब्दांत सांगितलं जातं, तिथं त्याच शब्दांत ते ऐकावं लागतं. ऐकणाऱ्याने लगेच त्याला इंग्रजी नाव दिलं की सांगणारा गप्प होतो.

एक बाई डोळ्यांपुढं आणू. ती कुणी खरी बाई नाही, मी लेखासाठी उभी केली आहे. पण गेवराई तालुक्यातली खेडी हिंडलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. वय चौतीस-पस्तीस. गेल्या दिवाळीच्या आसपास नवऱ्याने जीव दिला. घरी सासू-सासरे आणि बारा वर्षांचा मुलगा. सरकारकडं प्रकरण गेलं. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात २००५ च्या शासन निर्णयाने एक लाखाची मदत ठरली: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे कागदावर दिसावं लागतं, आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. हिच्या नवऱ्याने पैसे घेतले होते ओळखीच्या माणसाकडून, शब्दावर. प्रकरणावर शेरा पडला: अपात्र. मरण तेच, दुःख तेच, पण त्याच्यावर शिक्का बसला. गावात त्या शब्दाचा अर्थ वेगळाच निघतो. 'अपात्र' म्हणजे काहीतरी भानगड असणार, घरातलंच काहीतरी असणार. सासूच्या तोंडी 'पायगुण' आला तो तिथून.

मार्चमध्ये ती समुपदेशकाकडं येते. एकटी येत नाही, सासू बरोबर असते.

'काय होतंय ताई?'

'डोकं दुखतंय. लई दिवस झाले.'

पुढचं सासूच सांगते. 'खात नाही, पीत नाही, नुसती भिताडाकडं बघत बसती. पोराकडंबी ध्यान नाही हिचं.'

'मावशी, तुम्ही जरा बाहेर बाकड्यावर बसता का? मग तुमच्याशीबी बोलते मी निवांत.'

या एका वाक्याला मी अर्ध्या पदवीइतके गुण देईन. सासूला घालवून दिलं नाही, तिची पाळीही कबूल केली, आणि सुनेला दार लावलेली एक खोली मिळवून दिली. गावात गुपित राखायला जागाच नसते. घरातलं बोलणं पडवीत ऐकू जातं, फोन स्पीकरवर असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या तेविसाव्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. इथं तो हक्क बाहेरच्या बाकड्यावर अवलंबून असतो.

आता या बाईचं काय करायचं? मानसशास्त्राच्या पंथांना विचारलं तर प्रत्येक जण आपल्याला सापडलेला तुकडा सांगेल. फ्रॉइडच्या वाटेने गेलेला म्हणेल, नवऱ्यावरचा दाबलेला राग शोधा. कार्ल रॉजर्सचा शिष्य म्हणेल, शोधू नका, तिला जशी आहे तशी स्वीकारा, वाट तिची तिला सापडेल. अल्बर्ट एलिसने १९५५ मध्ये आणि त्यामागून ॲरन बेकने साठच्या दशकात विचारांवर बोट ठेवलं. घटना आपल्याला जेवढी छळते त्याहून जास्त छळतो तिच्याबद्दलचा आपला हट्टी विचार, असं त्यांचं म्हणणं. वर्तनवादी म्हणेल, विचार राहू द्या, तिला उठवा, कामाला लावा. कुटुंबोपचारवाला सासूला आत बोलवेल. समाजकार्यकर्ता या सगळ्यांना बाजूला सारून विचारेल, रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे?

गेवराई तालुक्यातच गोदाकाठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं आत्मतीर्थ. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशिराजांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले, त्यात जन्मांधांनी हत्ती चाचपल्याचा दृष्टांत आहे. तो आता इतका झिजलाय की सांगायला संकोच वाटतो, पण मानसोपचारांचा विसाव्या शतकातला इतिहास त्याच्याबाहेर फारसा जात नाही. फरक इतकाच की इथल्या आंधळ्यांनी आपापल्या तुकड्यावर संस्था काढल्या, नियतकालिकं काढली आणि दुसऱ्याच्या तुकड्याला हत्ती म्हणायला साफ नकार दिला.

या भांडणात पहिली चाणाक्ष शंका काढली सॉल रोझेन्झ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, १९३६ मध्ये. इतक्या वेगळ्या पद्धतींनी माणसं बरी होत असतील, तर गुण पद्धतीत नसून सगळ्यांत सारख्या असलेल्या कशात तरी असावा, असं तो म्हणाला. पुढं १९७५ मध्ये लेस्टर लुबोर्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तुलनात्मक अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा एकमेकींशी तुलना झालेल्या पद्धतींत फारसा फरक सापडला नाही. दरम्यान १९६१ मध्ये जेरोम फ्रँकने एका पुस्तकात आणखी धाडस केलं. आधुनिक मानसोपचार आणि जगभरचे वैदू-भगत यांना त्याने एका रांगेत बसवलं आणि चार समान गोष्टी दाखवल्या: विश्वासाचं माणूस, उपचाराची खास जागा, दुखण्याचा पटेल असा अर्थ, आणि दोघांनी मिळून करायचा एखादा विधी.

फ्रँक वाचताना मला आमच्याकडचा अंगारा आठवतो. 'बाहेरचं' झालंय म्हणून बाईला देवऋष्याकडं नेतात आणि चार दिवस तिला खरोखर बरं वाटतं. चारही गोष्टी तिथं असतात. पण दुखण्याचा जो अर्थ तिथं मिळतो, त्यात कुणीतरी 'केलेलं' असतं, म्हणजे जाऊ, चुलती, शेजारीण. बाई चार दिवस सुधारते आणि भावकीत चार वर्षांचं वैर पेरलं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने छळ आणि फसवणूक गुन्हा ठरवली, ते योग्यच झालं. पण अंगाऱ्यामागं धावणारी बाई काय शोधत होती, याचं उत्तर कायदा देत नाही. ते समुपदेशकाला द्यावं लागतं, आणि त्याच्या खोलीत ती चारही गोष्टी मिळाल्या नाहीत तर बाई परत देवऋष्याकडं जाणार. तिला दोष देता येणार नाही.

पद्धती जोडण्याचेही प्रकार आहेत. अर्नोल्ड लाझारस म्हणायचा, तत्त्वज्ञान कुणाचंही असो, ज्या तंत्राचा उपयोग होतो ते उचला. पॉल वॉख्टेलने १९७७ मध्ये मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार यांची मुळातच सोयरीक लावायचा प्रयत्न केला. तिसरा मार्ग, एका पद्धतीत पाय रोवून उभं राहायचं आणि बाकीच्यांकडून लागेल तसं मागून आणायचं. १९८३ मध्ये पद्धती जोडणाऱ्या लोकांची एक आंतरराष्ट्रीय संस्थाच स्थापन झाली. मला हा तिसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो. चिंध्या नुसत्या गोळा केल्या म्हणजे गोधडी होत नाही, धागा एकच लागतो.

महाराष्ट्रात 'एकात्मिक' हे नाव रुळायच्या आधीच काम सुरू झालं होतं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं पाठबळ त्यामागं होतं. तिथं औषध, गटचर्चा, योगासनं, गाणी, घरच्यांच्या बैठका आणि बरे झालेल्यांनी नव्यांना सांभाळणं हे सगळं एकत्र नांदलं. कि. मो. फडक्यांनी एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईत शिकवली, मराठीत आणली. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था काढली आणि त्याच विवेकनिष्ठ पद्धतीचा धागा वेदान्ताशी आणि संतवाङ्मयाशी जोडून दाखवला. गेवराईकरांना हे परकं वाटू नये. गोदावरी ओलांडली की जालना जिल्ह्यातलं जांब, समर्थ रामदासांचं जन्मगाव. 'मनाचे श्लोक' हा सगळा ग्रंथ एक माणूस आपल्याच मनाला समोर बसवून बोलतोय अशा थाटाचा आहे. स्वतःशी चालणारं बोलणं बदललं की भावना बदलते, हे एलिसचं सूत्र आपल्याकडची पोरं तिसरीत पाठ करून बसलेली असतात. पाठ करतात हीच अडचण.

आपल्या बाईकडं परत येऊ. हुशार पण घाईतला समुपदेशक पहिल्याच भेटीत म्हणेल, 'त्यात तुमचा काही दोष नाही ताई.' वाक्य खरं आहे. पण हे चिखलात टाकलेलं बी. तिने अजून दोषाचा शब्दही काढलेला नाही, आणि बाहेर जाऊन ती मनाशी म्हणणार, यांना काय माहिती.

आधी बघायचं ते जिवाचं. सरळ विचारायचं: 'कधी आपणही जगू नये असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत खोटी ठरली आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर घरातली फवारणीची औषधं कुलपात जातील, किल्ली दुसऱ्याकडं राहील, रात्री जवळ कुणीतरी झोपेल आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट त्याच आठवड्यात होईल, हे पाहायचं. इथं पद्धतींचा वाद बंद. औषध लागत असेल तर लागतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणीही आधीच करून घेतलेली बरी. सहा-सात ग्रॅम हिमोग्लोबिनवर खुरपणी करणाऱ्या बाईला उमेद कुठून येणार, आणि तिच्या थकव्यात बालपणीची जखम शोधण्यात काय अर्थ?

मग ऐकणं. रॉजर्सने १९५७ मध्ये ज्या अटी मांडल्या त्यांतल्या तीन जगभर शिकवल्या जातात: समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि सच्चेपणा. वाचताना गुळगुळीत वाटतात, पाळताना घाम फुटतो. बाई दहा मिनिटं काही बोलत नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते. ती दहा मिनिटं न भरता तशीच राहू देणं, घड्याळाकडं न बघणं, 'धीर धरा' न म्हणणं. 'धीर धरा' हे आपल्याकडचं सांत्वनाचं हुकमी वाक्य, आणि त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'आता रडू नका, मला त्रास होतो' असा असतो.

तिसऱ्या भेटीत वही निघते. कुणाचे किती द्यायचे, कुणी नुसतं तोंडी सांगतंय, कागद कुणाकडं आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला का, पतीच्या मृत्यूचा दाखला कुठं आहे, जमीन सासऱ्यांच्या नावावर तर वारसाचं काय. याला समस्या-निराकरण पद्धत म्हणतात. शहरातल्या काही समुपदेशकांना हे आपलं काम वाटत नाही, पण ज्या घराच्या दारात वसुलीला माणूस उभा आहे तिथं 'तुमच्या आतल्या बालकाशी बोला' म्हणणारा समुपदेशक मला निर्दयी वाटतो. वही लिहिताना आणखी एक घडतं. डोक्यात फिरणारा अक्राळविक्राळ आकडा कागदावर येऊन बसतो आणि तो जितका वाटत होता तितका निघत नाही. निघाला, तरी आता तो आकडाच असतो.

मग हालचाल. मन लागलं की काम करीन, असं आपण म्हणतो; नैराश्यात ते उलटं करावं लागतं. सकाळी अंगणात सडा टाकणं, मुलाचा डबा भरणं, शेजारणीबरोबर रानात जाऊन येणं, असं एक-एक ठरवायचं आणि केल्यावर कसं वाटलं ते सांगायचं. गोव्यात 'संगात' या संस्थेने याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम बांधला. भेटी घेणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, थोडं प्रशिक्षण दिलेले गावातलेच लोक होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्क्यांचं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना उभं केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकं टाकली आणि त्यावर लोकांचं ऐकायला आज्या बसवल्या. हरारेतल्या चोवीस दवाखान्यांमधली त्यांच्या कामाची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज्यांनी बाजी मारली. आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांचं काय करता येईल, याचा विचार कुणीतरी करावा. आज तरी तो पार बहुधा पत्ते आणि राजकारण यांच्या ताब्यात आहे.

पाचव्या-सहाव्या भेटीत कधीतरी ती म्हणते, 'त्या दिवशी सकाळी ते चहा न घेता गेले. मला कळायलाच पाहिजे होतं.'

इथं समुपदेशकाने माती उचलून बघायची. आवाज कसा आहे? सांगून ती पुन्हा भिंतीकडं बघतेय, की समोर बघतेय? समोर बघत असेल तर आता तो 'च' हातात घेता येतो. मराठीत हे एक अक्षर भारी आहे. कळायलाच पाहिजे होतं, झालंच पाहिजे, लोक बोलणारच. एलिसला अख्खी पुस्तकं लिहावी लागली ती हट्टी मागणी आपण एका अक्षरात बांधतो. 'कळलं असतं तर बरं झालं असतं' आणि 'कळायलाच पाहिजे होतं' यांतलं अंतर बोलून बघायला सांगायचं. पहिल्यात दुःख आहे, दुसऱ्यात शिक्षा. दुःख राहणार, ते घालवायचं नाही. शिक्षा मात्र कमी करता येते. हीच गोष्ट मार्चमध्ये सांगितली असती तर ती व्याकरणाचा तास झाली असती.

आणि त्यानंतर, बहुधा कुणाच्या ध्यानीमनी नसताना, राग येतो. 'मला टाकून गेला. पोराला माझ्या गळ्यात बांधून सुटला.' मेलेल्या नवऱ्याबद्दल असं बोलायचं नसतं, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. ती स्वतःच दचकते. फ्रॉइडवाल्याचा तुकडा तर खरा होता म्हणायचा, फक्त त्याची वेळ शेवटाकडं होती. काही समुपदेशक अशा वेळी रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावतात. तिच्या घरात हार घातलेला फोटो आहेच, आणि रात्री दिवा मालवल्यावर ती त्याच्याशी बोलतेही. तेच बोलणं जरा मोठ्याने करायचं. गेलेल्या माणसाशी नातं तोडलं तरच दुःख संपतं, असं पूर्वी शिकवत. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या संपादित पुस्तकाने ते उलटवलं. नातं रूप बदलून राहू शकतं, आणि राहिलं तरी माणूस पुढं जातो. वर्षश्राद्ध घालणाऱ्यांना ही बातमी नवी नाही.

आता त्या बारा वर्षांच्या मुलाबद्दल. तो शाळेत मारामाऱ्या करतो, घरी मुका बसतो. मुलं दुःख बोलत नाहीत, करून दाखवतात. या तालुक्यात आई-बापापासून तुटण्याचा अनुभव दरवर्षी ठरल्या वेळी येतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीची बिऱ्हाडं निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. लेकरं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर पाचटाच्या खोपीत. जॉन बोल्बीने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, त्यात युद्धानंतरच्या बेघर मुलांबद्दल हेच सांगितलं होतं: लहान मुलाला एका माणसाचा, तुटक नसलेला सहवास लागतो. गेवराईत ऊसतोड कुटुंबातून आलेल्या संतोष गर्जे यांनी सहारा अनाथालयाचं 'बालग्राम' उभं केलं, ते निराधार लेकरांसाठी. अशा घराकडं मी उपचार म्हणूनच बघतो. रोज सकाळी तेच माणूस उठवतं, ताटात वाढतं, रागावतं आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच असतं. पन्नास मिनिटांच्या भेटीत हे देता येत नाही, हे समुपदेशकांनी कबूल करायला हरकत नाही.

'व्यक्तिगत विकास' हा शब्द आला की मी जरा सावध होतो. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात मी तसं एक शिबिर केलं. पैसे भरून. व्यासपीठावरच्या गृहस्थांनी तीनशे माणसांना उभं केलं आणि मूठ वळून 'मी जिंकणारच' असं एकवीस वेळा ओरडायला लावलं. माझ्या शेजारचा पोरगा बेंबीच्या देठापासून ओरडत होता. जेवणाच्या सुट्टीत कळलं, स्पर्धा परीक्षेत तो चौथ्यांदा अडकला होता. त्याचं मुळातलं दुखणं त्याच 'च'मध्ये होतं आणि गृहस्थ त्याला त्याचाच खुराक देत होते. रॉजर्सच्या लेखी वाढ म्हणजे जिंकणं नव्हतं. माणूस स्वतःशी खोटं बोलायचं हळूहळू सोडतो, एवढंच ते होतं. तसं होताना कुणी टाळ्या वाजवत नाही.

फसगतीचं आणखी एक कारण आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला मात्र कुणीही उठावं आणि लावावी, असं वर्षानुवर्षं चाललं. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने या क्षेत्रालाही नोंदणीच्या चौकटीत घ्यायचं ठरवलं आहे. तोवर विचारून घ्यावं: शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, आणि तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर कुठं पाठवता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसलेला माणूस 'मी सगळ्या पद्धती वापरतो' म्हणत असेल तर उठावं. सरकारी वाटाही आहेत. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात बीड आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन ताण ओळखायचा आणि पुढं पाठवायचं, अशी त्याची रचना. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जीव नकोसा झालेल्या माणसाने, किंवा त्याच्याकडं बघून घाबरलेल्या घरच्यांनी, तो लावावा.

आपल्या बाईच्या भेटी मंगळवारी ठरलेल्या होत्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी अकरा वाजून गेले तरी ती आली नाही. समुपदेशकाने दोनदा दाराकडं बघितलं. सव्वा अकराला फोन वाजला. मागं वारा होता आणि कुणीतरी बैलाला हाकलत होतं.

'ताई, आज नाही जमत यायला. परवा रात्री लई पाऊस झाला. आज वाफसा आलाय, सरकी लावायलीय. सासूबाई बी रानातच हायेत, पोरगं बी आलंय. पुढच्या मंगळवारी येते.'

'बरं,' समुपदेशक म्हणाली आणि वहीत तारखेपुढं लिहिलं: आली नाही. पेरणी.